दस्त्यात अडकलेला कायदा

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात आकृत्या सहसा आढळत नाहीत. १४ जून २०२४ रोजी जाहीर झालेला ‘गार्लंड विरुद्ध कार्गिल’ खटल्याचा निकाल त्याला अपवाद ठरला. न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी लिहिलेल्या या निकालात रायफलीचा चाप ओढल्यावर आतले भाग कसे हलतात, हे दाखवणारी चित्रे एकामागून एक दिलेली आहेत. देशातील सर्वोच्च पीठाला इतक्या बारकाव्यात शिरावे लागले ते प्लास्टिकच्या एका सुट्या भागामुळे. ‘बम्प स्टॉक’ हे त्याचे नाव. रायफलीचा मूळ दस्ता काढून त्या जागी तो बसवता येतो. बम्प स्टॉक लावलेली रायफल कायद्याच्या व्याख्येतील मशीनगन ठरत नाही, असा निर्वाळा न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी दिला आणि २०१८ मध्ये जाहीर करण्यात आलेली केंद्रीय बंदी मोडीत निघाली.

या निकालाची चर्चा बंदूकधारकांचे हक्क विरुद्ध जनतेची सुरक्षितता या नेहमीच्या चाकोरीतून झाली. तथापि, या वादाच्या मुळाशी असलेला एक प्रश्न त्या गदारोळात मागे पडला. दस्ता हा रायफलीचा असा भाग आहे, की ज्याच्यामुळे गोळीचा वेग वाढत नाही आणि मारक शक्तीही वाढत नाही. तो केवळ खांद्याला टेकवायचा आधार. असे असूनही गेली पस्तीसहून अधिक वर्षे अमेरिकेतील शस्त्रविषयक कायद्याची भांडणे वारंवार येऊन थांबतात ती या दस्त्यापाशीच. एखादी रायफल कायदेशीर की बेकायदा, हे अनेकदा तिच्या नळीपेक्षा तिच्या दस्त्यावरून ठरते. हे असे का झाले, याचा शोध घेतला तर कायदा कसा लिहू नये याचा धडाच हाती लागतो.

मापाचा दस्ता

दस्ता बदलण्यामागे मूळ कारण अगदी साधे आहे. कारखान्यातून बाहेर पडणारी रायफल एका सरासरी माणसाच्या मापाने बनवलेली असते आणि सरासरी माणूस प्रत्यक्षात कोठेच भेटत नाही. तयार कपड्यांच्या दुकानातला सदरा जसा एखाद्याला आखूड तर एखाद्याला ढगळ होतो, तसेच दस्त्याचे असते. पहिले माप चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतच्या अंतराचे. बाजारातील बहुतेक रायफलींमध्ये ते साडेतेरा इंचांच्या आसपास असते. ठेंगण्या बांध्याच्या व्यक्तीला, किशोरवयीन मुलाला किंवा थंडीचा जाड कोट घातलेल्या शिकाऱ्याला ते जास्त होते. मग मान पुढे ताणावी लागते, कोपर उचलला जातो आणि नेम हलतो.

दुसरे माप गालाच्या टेकूचे. दुर्बीण बसवली की डोळा वर न्यावा लागतो. दस्त्याची वरची कड खाली राहिली तर गाल अधांतरी राहतो आणि प्रत्येक वेळी डोळा वेगळ्या जागी येतो. नेमबाज यासाठी गालाचा टेकू वरखाली करता येईल असा दस्ता निवडतात. तिसरी बाब म्हणजे धक्का. गोळी सुटताना मागे येणारा धक्का खांद्यावर किती पसरतो, हे दस्त्याच्या टोकाला लावलेल्या रबरी गादीवर आणि दस्त्याच्या सरळ अथवा उतरत्या रेषेवर अवलंबून असते.

चौथी बाब दिसत नाही, पण अचूकतेच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे. बोल्ट मागेपुढे करून चालवायच्या शिकारी रायफलीत नळी आणि यंत्रणा दस्त्याच्या खाचेत बसवलेली असते. लाकूड हवेतील ओलावा शोषून फुगते, उन्हात आकसते आणि नळीला स्पर्श करू लागते. परिणामी सकाळचा नेम आणि दुपारचा नेम यांत फरक पडतो. यावर उपाय म्हणून १९७० च्या दशकापासून काचतंतूंचे दस्ते आले, त्यानंतर आत ॲल्युमिनियमचा ठोकळा बसवलेले दस्ते आले आणि आता तर संपूर्ण धातूच्या चौकटी मिळतात. यंत्रणा त्या चौकटीत स्क्रूने घट्ट आवळायची, नळी मात्र सर्व बाजूंनी मोकळी ठेवायची, हे त्यामागचे तत्त्व. मूळ दस्ता ठेवायचा असेल तर यंत्रणेखालील पोकळीत इपॉक्सी भरून ती जागा तंतोतंत बसवून घेण्याची पद्धतही जुनी आहे.

‘एआर-१५’ या अमेरिकेत घरोघरी पोहोचलेल्या रायफलीची तऱ्हा वेगळी. तिच्या यंत्रणेची मागे येणारी स्प्रिंग एका नळकांड्यात असते आणि दस्ता त्या नळकांड्यावर सरकवून बसवला जातो. त्यामुळे तो बदलायला कारागीर लागत नाही. खालची कळ ओढली की जुना दस्ता निघतो, नवा चढवता येतो. मेख एवढीच, की नळकांडी दोन मापांत मिळतात. लष्करी मापाच्या नळकांड्याचा व्यास १.१४८ इंच असतो, तर व्यापारी मापाचा १.१६८ इंच. अर्ध्या मिलिमीटरचा हा फरक न पाहता घेतलेला दस्ता एक तर चढत नाही किंवा चढल्यावर डुगडुगतो.

थोडक्यात, दस्त्याची निवड ही नेमबाजाच्या शरीराची आणि रायफलीच्या घडणीची सांगड घालण्याची बाब आहे. क्रीडा नेमबाजीत तर हे कौशल्य पराकोटीला पोहोचले आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकले, तेव्हा महाराष्ट्रातील असंख्य प्रेक्षकांनी अशी रायफल प्रथमच जवळून पाहिली. लाकडी दस्त्याऐवजी धातूची चौकट, गालाचा हलणारा टेकू, खांद्याकडील आकडेदार पट्टी हे त्या रायफलीचे रूप. गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून अशा तीन अवस्थांत शरीराचा कोन बदलतो आणि त्यासोबत दस्त्याचे मापही बदलावे लागते. जुळवून घेता येणारा दस्ता हे तेथे खेळाचे साधे साधन आहे. अमेरिकेत हेच वैशिष्ट्य काही राज्यांत गुन्ह्याचे कारण ठरते.

सुटा भाग आणि पूर्ण शस्त्र

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार रायफलीचा जो मुख्य सांगाडा, म्हणजे ‘रिसीव्हर’, तोच कायद्याच्या दृष्टीने ‘शस्त्र’. त्यावर अनुक्रमांक असतो आणि परवानाधारक विक्रेत्याकडून तो घेताना खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासली जाते. बाकी सारे सुटे भाग. नळी, चाप, मूठ, दस्ता हे सर्व टपालाने मागवता येते. या एका तरतुदीवर सुट्या भागांचा एक मोठा उद्योग उभा राहिला. चाळीस-पन्नास डॉलरच्या प्लास्टिकच्या दस्त्यापासून हजार डॉलरहून महाग चौकटींपर्यंत सर्व काही तेथे मिळते. सांगाडा विकत घ्यायचा आणि बाकीचे भाग आवडीप्रमाणे निवडून घरच्या टेबलावर रायफल जुळवायची, हा लक्षावधी अमेरिकनांचा छंद आहे. मोटारसायकलीला नवे हँडल लावावे, तितक्या सहजतेने त्याकडे पाहिले जाते.

कायदेमंडळापुढची अडचण येथूनच सुरू होते. शस्त्र एकसंध असेल तर त्यावर नियम करणे सोपे. पण जे शस्त्र संध्याकाळी एका रूपात असते आणि रात्री दुसऱ्या रूपात, त्याचे वर्णन कायद्यात कसे करायचे? अमेरिकेने त्यासाठी बाह्य लक्षणांची यादी करण्याचा मार्ग निवडला. त्या यादीत दस्ता अग्रभागी होता.

यादीचा कायदा, पळवाटेचा दस्ता

जानेवारी १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातील स्टॉकटन येथे एका शाळेच्या आवारात झालेल्या गोळीबारात पाच मुले मृत्युमुखी पडली. त्यानंतर थोरले जॉर्ज बुश यांच्या प्रशासनाने ४३ प्रकारच्या अर्धस्वयंचलित रायफलींच्या आयातीला बंदी केली. निकष लष्करी धाटणीच्या लक्षणांचे होते. स्वतंत्र मूठ आणि घडी होणारा दस्ता ही त्यातली ठळक. परदेशी उत्पादकांनी यावर तोडगा काढला. स्वतंत्र मूठ काढून टाकली आणि अंगठा आरपार जाईल एवढे भोक असलेला अखंड दस्ता बसवला. रायफल तीच, यंत्रणा तीच, गोळीही तीच. केवळ दस्ता बदलल्याने ती ‘क्रीडोपयोगी’ ठरून पुन्हा बंदरात उतरू लागली. १९९८ मध्ये क्लिंटन प्रशासनाने त्याही रायफली अडवल्या, पण तोवर नऊ वर्षे उलटली होती.

या आयातबंदीला पूरक म्हणून १९९० मध्ये झालेली तरतूद तर अधिकच गमतीची आहे. आयातीस अपात्र ठरणारी रायफल देशातच भाग जोडून तयार करू नये, म्हणून वीस भागांची एक यादी करण्यात आली आणि त्यांपैकी दहापेक्षा अधिक भाग परदेशी असू नयेत, असा नियम झाला. दस्ता हा त्या वीसपैकी एक. त्यामुळे परदेशी बनावटीच्या रायफलीचा दस्ता बदलणाऱ्याला कागद-पेन्सिल घेऊन बेरीज करावी लागते. अमेरिकन दस्ता लावला की परदेशी भागांची संख्या एकाने घटते. लोकांच्या सुरक्षिततेसाठी केलेल्या नियमाने व्यवहारात देशी दस्ते बनवणाऱ्यांना गिऱ्हाईक मिळवून दिले.

१३ सप्टेंबर १९९४ रोजी अमलात आलेल्या केंद्रीय बंदीने यादीची ही पद्धत देशी उत्पादनालाही लावली. सुटे मॅगझिन असलेल्या अर्धस्वयंचलित रायफलीत पाचपैकी दोन लक्षणे आढळली तर तिच्या उत्पादनास व विक्रीस मनाई. घडी होणारा किंवा सरकणारा दस्ता, ठळकपणे खाली आलेली मूठ, संगीन लावण्याची जागा, ज्वाला झाकणारे टोक आणि ग्रेनेड फेकण्याचे साधन ही ती पाच लक्षणे. उत्पादकांनी सरकणारा दस्ता पिनेने कायमचा अडकवला, संगिनीची जागा घासून काढली आणि विक्री सुरू ठेवली. दहा वर्षांची मुदत संपल्यावर १३ सप्टेंबर २००४ रोजी हा कायदा संपुष्टात आला आणि त्याचे नूतनीकरण झाले नाही.

केंद्राने सोडलेला धागा काही राज्यांनी उचलला. न्यूयॉर्कने सँडी हूक शाळेतील डिसेंबर २०१२ च्या हत्याकांडानंतर अवघ्या महिनाभरात, जानेवारी २०१३ मध्ये, दोनऐवजी एकच लक्षण पुरेसे ठरवले. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये केलेल्या कायद्यात सरकणाऱ्या दस्त्यासोबत अंगठ्याच्या भोकाचा दस्ताही यादीत घातला. डिसेंबर २०१५ मध्ये सॅन बर्नार्डिनो येथे १४ जणांचा बळी गेल्यानंतर, २०१६ मध्ये तेथे कायदा आणखी कडक झाला. बाजाराने त्यावरही उत्तर शोधले. मुठीला माशाच्या परासारखी पट्टी जोडायची म्हणजे अंगठ्याने ती वेढता येत नाही, दस्ता एका मापावर कायमचा बसवायचा आणि ‘लक्षणरहित’ रायफल विकायची. दिसायला ओबडधोबड आणि धरायला अवघड असलेली ही रायफल कायद्यात मात्र चपखल बसते.

येथे दोन्ही बाजूंचे म्हणणे समजून घेणे आवश्यक आहे. सरकणारा दस्ता लष्करी पिढीतील शस्त्रांतून आला, त्यामुळे रायफल आखूड होते आणि लपवणे सोपे जाते, असे नियंत्रणवादी सांगतात. त्यात तथ्य आहे. दुसरीकडे, अशा दस्त्याची लांबी साधारण तीन-साडेतीन इंचांनीच कमीजास्त होते आणि तिचा उपयोग एकाच घरातील उंच नवरा व ठेंगणी बायको यांना एकच रायफल वापरता यावी इतकाच असतो, असे बंदूकधारक म्हणतात. त्यातही तथ्य आहे. प्रश्न असा, की दोन्ही बाजू ज्या लक्षणावर हमरीतुमरीवर येतात, ते लक्षण मृतांच्या संख्येशी कितपत निगडित आहे? मॅगझिनमध्ये किती गोळ्या मावतात आणि शस्त्र कोणाच्या हाती जाते, हे प्रश्न त्यापुढे कितीतरी मोठे आहेत. पण लक्षणांची यादी करणे सोपे असते, छायाचित्रात दाखवता येते आणि निवडणुकीच्या भाषणात सांगता येते.

खांद्याला टेकले की गुन्हा

दस्त्याचे कायदेशीर महत्त्व आणखी एका कारणाने वाढले. १९३४ च्या राष्ट्रीय शस्त्र कायद्याने ठरावीक लांबीपेक्षा आखूड नळीच्या रायफलीवर नोंदणीची आणि २०० डॉलर कराची अट घातली. टोळीयुद्धांचा तो काळ होता आणि कोटाखाली लपणारी शस्त्रे सरकारला रोखायची होती. आखूड नळीच्या पिस्तुलाला ही अट नाही. मग रायफल कोणती आणि पिस्तूल कोणते? जे खांद्याला टेकवून झाडण्यासाठी बनवले आहे ती रायफल, अशी व्याख्या आहे. म्हणजे आखूड नळीच्या ‘एआर’ पिस्तुलाला दस्ता जोडला, की त्याच क्षणी ते नोंदणीची गरज असलेले शस्त्र होते. अर्ध्या मिनिटात बसणारा प्लास्टिकचा भाग आणि दहा वर्षांपर्यंत तुरुंगवासाची शिक्षा, असे हे समीकरण.

२०१२ मध्ये पुढे आलेल्या ‘पिस्तूल ब्रेस’ने या व्याख्येची परीक्षा पाहिली. एका माजी सैनिकाने आपल्या अपंग मित्राला एका हाताने जड पिस्तूल झाडता यावे, म्हणून मनगटाला बांधायचा हा आधार तयार केला होता. मद्य, तंबाखू, शस्त्रे व स्फोटके विषयक केंद्रीय यंत्रणेने, म्हणजेच ‘एटीएफ’ने, तो दस्ता नसल्याचे मान्य केले. लवकरच लाखो धडधाकट ग्राहकांनी तो विकत घेतला आणि मनगटाऐवजी खांद्याला लावला. २०१५ मध्ये यंत्रणेने जाहीर केले, की ब्रेस खांद्याला टेकवला तर ते शस्त्राची नवी रचना केल्यासारखे आहे. २०१७ मध्ये ही भूमिका सौम्य करण्यात आली. २०२१ मध्ये ब्रेसला गुण देऊन तो दस्ता आहे की नाही हे ठरवणारा तक्ता प्रस्तावित झाला. जानेवारी २०२३ मध्ये तक्ता वगळून अंतिम नियम आला आणि ३१ मे २०२३ पर्यंत नोंदणीची मुदत देण्यात आली. यंत्रणेच्याच अंदाजानुसार असे ३० लाख ब्रेस लोकांकडे होते. १३ जून २०२४ रोजी टेक्सासमधील केंद्रीय न्यायालयाने हा नियम रद्द केला आणि २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने त्याविरुद्धचे अपील मागे घेतले.

एकाच वस्तूबद्दल दहा-अकरा वर्षांत इतक्या कोलांटउड्या पाहिल्यावर नागरिकाने कायदा पाळायचा तरी कसा, हा प्रश्न रास्त ठरतो. भरीस भर म्हणून लांबी मोजण्याच्या रीतीही वेगवेगळ्या. केंद्रीय नियमानुसार रायफलीची एकूण लांबी दस्ता उघडून मोजतात, तर कॅलिफोर्नियात तो मिटवून. तीच रायफल राज्याची सीमा ओलांडताच काही इंचांनी ‘आखूड’ होते. दरम्यान, २०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने संमत केलेल्या कायद्याने आखूड रायफलींवरील २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आणला, पण नोंदणी मात्र कायम ठेवली.

लास व्हेगासची रात्र

१ ऑक्टोबर २०१७ च्या रात्री लास व्हेगासमध्ये एका खुल्या संगीत महोत्सवावर मँडले बे हॉटेलच्या ३२ व्या मजल्यावरून गोळीबार झाला. सुमारे दहा मिनिटांत हजाराहून अधिक गोळ्या झाडल्या गेल्या. ५८ जण मरण पावले, पुढे जखमांमुळे आणखी दोघे दगावले. चारशेहून अधिक जणांना गोळ्या लागल्या. हल्लेखोराच्या अनेक रायफलींना बम्प स्टॉक बसवलेला होता. आतापर्यंतच्या वादांत दस्ता हे केवळ बाह्य लक्षण होते. येथे मात्र दस्त्याने शस्त्राचे काम बदलले होते. या दस्त्यात रायफल धक्क्यासरशी मागेपुढे सरकते आणि चाप स्थिर बोटावर पुन्हा पुन्हा आदळतो. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांच्या मतभेदपत्रात या वेगाचा उल्लेख मिनिटाला ४०० ते ८०० गोळ्या असा आहे.

घटनेनंतर काही दिवसांतच राष्ट्रीय रायफल संघटनेनेही अशा साधनांवर जादा नियमांची गरज बोलून दाखवली, इतके जनमत बदलले होते. कायदा करण्याची ती वेळ होती. सिनेटर डायॲन फाइनस्टाइन यांनी विधेयकही मांडले. यंत्रणेने नियम केला तर तो न्यायालयात अडकेल, असा इशारा त्यांनी दिला होता. पण काँग्रेसने जोखीम टाळली आणि ट्रम्प प्रशासनाने प्रशासकीय नियमाची वाट धरली. यापूर्वी दहाहून अधिक वेळा बम्प स्टॉक मशीनगन नसल्याचे लेखी कळवणाऱ्या त्याच यंत्रणेने डिसेंबर २०१८ मध्ये ते मशीनगन असल्याचे जाहीर केले. २६ मार्च २०१९ पर्यंत ते नष्ट करावेत किंवा जमा करावेत, असा आदेश निघाला. ५ लाख २० हजारांपर्यंत बम्प स्टॉक लोकांकडे असावेत, असा सरकारी अंदाज होता.

टेक्सासमधील ऑस्टिनचे शस्त्रविक्रेते मायकेल कार्गिल यांनी आपले दोन बम्प स्टॉक जमा केले आणि दावा लावला. निकाल १९३४ च्या व्याख्येवर फिरला. चापाच्या ‘एका क्रियेने’ आपोआप एकाहून अधिक गोळ्या सुटतात ती मशीनगन. बहुमताचे म्हणणे असे, की बम्प स्टॉकमध्येही प्रत्येक गोळीसाठी चाप सुटतो आणि पुन्हा दाबला जातो, शिवाय दुसऱ्या हाताचा दाब सतत लागतो, तेव्हा व्याख्या पूर्ण होत नाही. सोटोमायोर यांनी याला ठाम विरोध केला. जो पक्षी बदकासारखा चालतो, पोहतो आणि ओरडतो त्याला आपण बदकच म्हणतो, या अर्थाचे त्यांचे वाक्य जगभर गाजले. न्यायमूर्ती सॅम्युअल ॲलिटो बहुमताबरोबर राहिले, पण त्यांची पुस्ती अधिक विचार करायला लावणारी आहे. काँग्रेस कायदा दुरुस्त करू शकते आणि यंत्रणेने जुनीच भूमिका कायम ठेवली असती तर कदाचित एव्हाना तिने तो केलाही असता, असे त्यांनी सुचवले.

म्हणजे काय झाले? २०१८ चा नियम हा उपाय वाटला, प्रत्यक्षात त्याने काँग्रेसला जबाबदारीतून मोकळे केले. निकालानंतर चारच दिवसांनी, १८ जून २०२४ रोजी, सिनेटमध्ये बम्प स्टॉकबंदीचे विधेयक एकमताने संमत करून घेण्याचा प्रयत्न झाला. नेब्रास्काचे सिनेटर पीट रिकेट्स यांच्या आक्षेपामुळे तो तेथेच थांबला. डझनाहून अधिक राज्यांच्या स्वतःच्या बंदी कायद्यांना या निकालाचा स्पर्श झाला नाही, हाच काय तो दिलासा.

रूप की काम?

न्यायालय प्रत्येक वेळी नियंत्रणाच्या विरोधातच जाते, असा निष्कर्ष मात्र घाईचा ठरेल. २६ मार्च २०२५ रोजी ‘बाँडी विरुद्ध व्हॅनडरस्टॉक’ खटल्यात याच न्यायालयाने घरी जुळवायच्या अनुक्रमांकविरहित शस्त्रसंचांवरील नियम सात विरुद्ध दोन मतांनी उचलून धरला. सहज शस्त्रात रूपांतर होणारा संच १९६८ च्या कायद्याच्या शब्दांत बसू शकतो, असे न्यायमूर्ती नील गोर्सच यांनी लिहिले. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की सूत्र दिसते. कायद्याच्या मूळ शब्दांत आधार असेल तेथे नियम टिकला, नसेल तेथे पडला. कायदेमंडळाने न लिहिलेले शब्द यंत्रणेच्या परिपत्रकातून उभे राहत नाहीत.

यादीचा कायदा फसतो तो याच ठिकाणी. तो वस्तूचे रूप सांगतो आणि रूप बदलणे हाच सुट्या भागांच्या उद्योगाचा व्यवसाय आहे. एका दस्त्याला मनाई केली की दुसरा तयार होतो, दुसऱ्याला केली की तिसरा. या शर्यतीत प्रामाणिक नागरिक गोंधळतो, उद्योगाला नवे उत्पादन मिळते आणि ज्याच्या मनात घात आहे त्याचे काही अडत नाही. याउलट, मिनिटाला किती गोळ्या सुटतात किंवा झाडण्याचा वेग वाढवणारे साधन आहे काय, असा कामाचा निकष लावला तर गालाचा टेकू बदलणारा नेमबाज आणि शस्त्राचे मशीनगनसदृश साधन करणारा यांत फरक करता येतो. पहिल्याला मोकळीक द्यावी आणि दुसऱ्याला रोखावे, यावर सामान्य अमेरिकनांत फारसे दुमत होण्याचे कारण नाही. अर्थात असा निकष लिहिणे कठीण आहे, कारण तज्ज्ञांना बसवून मोजमाप ठरवावे लागेल आणि मतदान करून त्याची राजकीय किंमत मोजावी लागेल.

भारतातील स्थिती वेगळी आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात ‘शस्त्रे’ या संज्ञेतच शस्त्रांच्या भागांचा समावेश आहे. रूपांतर आणि दुरुस्ती यांनाही परवाना लागतो, नळी आखूड करण्यासाठी कलम ६ मध्ये स्वतंत्र तरतूद आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीने सर्वसाधारण परवानाधारकाला बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली. घरच्या टेबलावर रायफल जुळवण्याची प्रथा येथे रुजली नाही, त्याचे हे एक कारण. तथापि, वस्तूच्या रूपावरून नियम करायचा आणि मग पळवाटेमागे धावायचे, ही सवय आपल्याकडील इतर क्षेत्रांना अपरिचित आहे असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

लास व्हेगासच्या त्या मैदानात संगीत ऐकायला गेलेल्यांपैकी ६० जण परत आले नाहीत. त्यांच्या मृत्यूनंतर देशाने एक नियम केला, पाच वर्षे तो राबवला आणि अखेर व्याकरणाच्या एका प्रश्नावर गमावला. न्यायालयाने चित्रे काढून दाखवले, की नव्वद वर्षांपूर्वीच्या वाक्यात हा दस्ता बसत नाही. नवे वाक्य लिहिण्याचा अधिकार ज्यांना आहे, त्यांनी लेखणी अद्याप उचललेली नाही.